दुहेरी टाका

“ही मुंगी,” ती बाई म्हणाली, आणि तिनं कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं, “ही मुंगी खरी आहे का, ग्योरेच्या आई?”

मी शिवणयंत्राखालून एका शिपायाची टोपी काढत होते, ती तशीच हातात राहिली. ओळ मला पाठ होती. ‘माझा मुलगा लहानपणापासून इतका कोमल मनाचा आहे की वाटेतली मुंगीसुद्धा तो ओलांडून जात असे.’ खाली माझं नाव, फिल-सुन, आणि नावावर सहीऐवजी माझा लाल शिक्का, तोही सरळ नाही, घाईत वाकडा उठलेला. बाई तिशी-पस्तिशीची असेल, आडनाव मेंग, पायात साधे बूट, राजधानीहून, सोलहून सकाळच्या गाडीनं आली होती. वैकल्पिक सेवेच्या मंडळाकडून आलेली तपासनीस. ज्या पोराला बंदूक हातात धरायची नाही, त्याचं ते ‘नाही’ खरं की खोटं हे तेच मंडळ ठरवतं. खरं ठरलं तर तीन वर्षं तुरुंगाच्या स्वयंपाकघरात नाहीतर धुलाईत राबायचं, तिथंच झोपायचं. खोटं ठरलं तर इतर सगळ्या पोरांसारखं सक्तीचं दीड वर्ष पलटणीत. आणि तिथंही नाही म्हणाला तर पुन्हा तुरुंगच, पण गजांच्या आत, आणि जन्मभराचा डाग. माझ्या एकुलत्या एका पोराचं हे सगळं त्या बाईच्या बोटाखालच्या मुंगीवर येऊन थांबलं होतं.

“या वर्षातली ही माझी एकतिसावी मुंगी,” मेंगबाई म्हणाली. हसली नाही. हसली असती तर मला बरं वाटलं असतं, मी चिडले तरी असते. तोंडात मारल्यासारखी मी उभी राहिले. कारण ती मुंगी माझी नव्हतीच, ती बांगसाहेबांची होती. बांगसाहेब नगरपालिकेसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतात. घटस्फोटापासून गटाराच्या तक्रारीपर्यंत सगळं एकाच सुरात. त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “वहिनी, मुंगी घालू. मुंगी चालते.” मी म्हटलं, “अहो, पण त्यानं तर...” “त्यानं काय केलं ते कोण बघायला आलंय? आईचा कागद आहे, त्यात माया दिसली पाहिजे.” मी मान डोलावली. खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला होता, की मला स्वतःला काही लिहावं लागणार नाही. ग्योरेनं मुंग्या ओलांडल्या म्हणे! सहा वर्षांचा होता तेव्हा मागच्या अंगणात उकळत्या पाण्याची किटली घेऊन बसायचा हा पठ्ठ्या, वारुळात ओतायचा आणि टाळ्या पिटायचा. मी ओरडायचे, “अरे मेल्या, किटली टाक, पाय भाजेल.” मलाही मुंग्यांची कुठं पडली होती, मला त्याच्या पायाची पडली होती. पुढं मोठा झाल्यावर कॉम्प्युटरच्या दुकानात बसून गोळ्या घालायचे खेळ खेळला, एवढा की एकदा बक्षीस म्हणून कीबोर्ड घेऊन आला आणि बापाला दाखवायला धावला. बापानं पाठीवर थाप मारली. ‘ग्योरे’ म्हणजे आपली माणसं, आपलं राष्ट्र. असलं नाव पोराला ठेवणारा बाप तो. सुभेदार सोक, एकतीस वर्षं उत्तरेकडच्या एकाच पलटणीत काढलेले.

आणि हे सुभेदार आत्ता माझ्यापासून सात पावलांवर, पडद्याच्या मागं बसले होते. दुकानाच्या मागं आमची एक खोली आहे, मधे भिंत नाही, नुसता पडदा. तिथं ते दिवसभर टीव्हीवर पटाचा खेळ बघतात, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा. सोंगटी पटावर ठेवल्याचा टक् असा आवाज येतो आणि मग निवेदक बराच वेळ हळू आवाजात बोलतो. बाई आली तेव्हा मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, “मंडळाकडून आल्यात हो!” टीव्हीचा आवाज थोडा वाढला. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ग्योरेनं भाताची वाटी खाली ठेवून सांगितलं, “बाबा, मी भरती होणार नाही. दुसरं कुठलंही काम द्या म्हणून अर्ज करणार आहे.” हे जेवत होते ते जेवत राहिले. वाटीतला शेवटचा कण संपवला, चमचा उलटा ठेवला, आणि उठून गेले. भांडले असते तर मी मधे पडले असते. घरात भांडण हवं हो कधी कधी, निदान माणसं कुठं आहेत ते तरी कळतं. पोरानं त्याच आठवड्यात सोलमध्ये भाड्याची खोली घेतली.

“खेळांचं मी विचारत नाहीये,” मेंगबाई म्हणाली, जणू माझ्या डोक्यात डोकावून बघत होती. “ते त्यानं स्वतःहून सांगितलंय, कीबोर्डसकट. मुंगीही माझी अडचण नाही. अडचण अशी की त्याच्या अकरा पानांत मुंगी नाही आणि तुमच्या एका पानात त्याचा शिपाई नाही.”

“कुठला शिपाई?” मी विचारलं. मला माहीत होतं कुठला.

तिनं पिशवीतून कागदांचा दुसरा गठ्ठा काढला. ग्योरेचं अक्षर, बापासारखं, उजवीकडे झुकलेलं. “वाचते,” ती म्हणाली, आणि बातम्या वाचतात तशा सपाट आवाजात वाचायला लागली. ‘आमच्या दुकानात एक शिपाई यायचा. पलटणीतले पाच जण त्याच्या छातीवरची नावाची पट्टी कापायचे आणि बिनपट्टीचा फिरतो म्हणून त्यालाच शिक्षा व्हायची. माझ्या आईनं त्याच्या नावाला दुहेरी टाका घातला. तिच्याकडे तेवढंच होतं. ते निघेना म्हणून त्यांनी पातं खोल घातलं. मला देश राखायचा नाही असं नाही. पण देश राखायला उभ्या केलेल्या सहा जणांतल्या पाचांनी आधी सहाव्याला कापलं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणाचाच हात पुढं आला नाही. मी आत जाऊन तो सहावा होईन याची भीती मला वाटत नाही. मी पाचांतला एक होईन याची वाटते. माणसावर नेम धरायला शिकलेला हात पुढं कुणाकुणावर उठतो हे मी बघितलंय. तो हात सोडून माझ्याकडून काहीही करून घ्या, कितीही वर्षं.’

बाईनं कागद खाली ठेवला. “त्यानं शिपायाचं नाव दिलेलं नाही. शब्द दिला होता म्हणतो. पलटणीत विचारलं तर तिथं अशी एकही तक्रार नोंदलेली नाही. कागद नाही, नाव नाही. मंडळात अकरा-बारा माणसं बसतात, आई, आणि त्यातली निम्मी म्हणणार की पोरानं गोष्ट रचली. तो म्हणतो, माझी आई तिथं होती. म्हणून मी आले. होता का असा शिपाई?”

होता का! मी म्हटलं, “चहा टाकते.” भाजल्या जवाचं पाणी, आमचा रोजचा चहा, थर्मासमध्ये तयारच होतं, टाकायचं काही नव्हतंच, तरी मी कोपऱ्यात पाठ करून उभी राहिले आणि दोन पेल्यांत पाणी ओतायला जितका वेळ लावता येईल तितका लावला. थाक सान. एवढंसं नाव, आमच्या लिपीत दोनच अक्षरं, यंत्रावर ठेवलं की डोळ्याची पापणी लवेपर्यंत तयार. चाळीस वर्षं मी पोरांच्या छातीवर नावं शिवतेय, या गावात स्टेशनापासून शेवटच्या बसथांब्यापर्यंत जो शिपाई दिसेल त्याच्यावर माझं नाहीतर माझ्या नणंदेचं शिवण असायचं. तोंडं विसरते मी, नावं विसरत नाही, नावं बोटांत राहतात. चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा आला तेव्हा पट्टी मधोमध दुभंगलेली होती. म्हणाला, कपाटाच्या दारात अडकली. मी शिवून दिली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, म्हणे धुण्याच्या यंत्रात फाटली. आता फाटलेल्या कापडाचे धागे सुटतात, कापलेल्याचे सुटत नाहीत, हे मला कुणी शिकवायचं? हातात कात्री घेऊन म्हातारी झाले मी. कळलं मला. पहिल्याच वेळी कळलं होतं. पण मी कानाडोळा केला, कारण गिऱ्हाईक होतं, कारण पलटणीचं होतं, कारण ती पलटण आमच्या ह्यांची होती आणि हे तिथून सन्मानानं निवृत्त होऊन दोनच वर्षं झाली होती, भिंतीवर त्याची ढाल लागलेली होती. कारणं काय, शोधली की सापडतात.

तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं काही कारणच सांगितलं नाही. शर्ट काढून समोर ठेवला आणि बनियनवर बसून राहिला, हात मांड्यांखाली दाबून. मला राग आला. कुणाचा ते कळेना, पण असा आला की मी यंत्र बंद केलं आणि हातानं शिवायला बसले, बॅगांना वापरतात तो जाड नायलॉनचा दोरा घेऊन, दोनदा चारी बाजूंनी, मधून आडवा, वर मेण. दातांनीसुद्धा तुटला नसता. “आता कोण काढतो बघते मी,” असं म्हणाले मी त्याला, आणि एक संत्रं दिलं. पहिल्यांदा हसला. त्याच्या पुढच्या दातांत फट होती. ग्योरे त्या वेळी विसाचा, कॉलेजच्या सुट्टीला आलेला, दोऱ्यांची रिळं लावत होता, त्यानंही माझ्या शिवणीवरून बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, “आई, हे तर चिलखत झालं.” मला केवढा अभिमान वाटला होता त्या टाक्याचा! रात्री झोपताना वाटलं, एका पोराला वाचवलं मी. दहा दिवसांनी तो आला तेव्हा शर्ट खिशापासून खांद्यापर्यंत उघडा होता, आणि नावाची पट्टी त्याच्या मुठीत होती, तिच्याभोवतीचं कापड गोल कापून निघालेलं, पट्टी मात्र त्या कापडाला घट्ट. माझा एकही टाका उसवला नव्हता. बनियनच्या आत जखमेला फडकं बांधलेलं आणि ते रक्तानं ओलं. “मावशी,” तो म्हणाला, “हे परत लावता येईल का?”

तेव्हा ग्योरेनं विचारलं, “कोणी केलं?” आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “ग्योरे, गप. आपलं काम कर.” हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी नवा शर्ट दिला, नवं नाव शिवलं, या वेळी साध्या टाक्यानं, सहज निघेल अशा. ते दोघं बरोबरच बाहेर पडले, ग्योरे टोपी न घालता, आणि बाहेर ओला बर्फ पडत होता. पोरगा परत आला तो चांगला अंधार पडल्यावर, ओठ निळे. मी काही विचारलं नाही. त्यानं काही सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी मी ह्यांना मात्र सांगितलं, सगळं, भांडी घासता घासता, तोंड न वळवता. हे म्हणाले, “पलटणीचं पलटणीत राहू दे. तू शिवायचं बघ.” थाक सान परत आला नाही. मी कितीदा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या शिपायांच्या मृत्यूच्या छोट्या बातम्या बघितल्या, बोट लावून, आडनाव शोधत. आडनाव सापडलं नाही म्हणून देवाचे आभार मानले आणि पुन्हा शिवायला बसले.

“पाणी निवतंय,” मेंगबाई म्हणाली. मी पेले घेऊन आले. आत टीव्हीत टक् झालं.

मला वाटलं, खोटं बोलावं. ‘शिपाई होता’ एवढंच सांगावं, नाव ठाऊक नाही म्हणावं, आपलं काही त्यात येऊ देऊ नये. पण बाई अशी बघत होती की अर्धं सांगितलं तर उरलेलं अर्धं ती मुंगीसारखं बोटाखाली धरणार. आणि पूर्ण सांगायचं तर मी पहिल्या दिवसापासून जाणून होते हे सांगावं लागणार. ह्यांना त्याच संध्याकाळी सांगितलं होतं तेही सांगावं लागणार, आणि हे पडद्याआडून ऐकणार. या वयात नवऱ्याला त्याच्या पलटणीसमोर उघडं पाडायचं? ज्या माणसाकडे त्या एकतीस वर्षांखेरीज दुसरं काही नाही? एका बाजूला पोरगा, एका बाजूला नवरा, आणि मधे मी, शिवणवाली. 

तेवढ्यात दार ढकलून टोपीवाला आला. उद्या सुटणारा शिपाई; सुटताना ही पोरं टोपीवर मित्रांची नावं, पलटणीचा वाघ, सुटकेची तारीख असलं काय काय भरून घेतात. “मावशी, झाली का माझी टोपी?” म्हणाला, आणि मेंगबाईला बघून उगीच ताठ उभा राहिला. मी टोपी दिली. त्यानं वाघ बघितला. “मावशी, हा वाघ आहे की मांजर?” “तुझ्या तोंडाकडे बघून भरलाय,” मी म्हटलं, “जसा मालक तसा वाघ.” हसला गडी खदखदून. उद्या घरी जायचं म्हटल्यावर वाघ काय, बेडूक भरला असता तरी हसला असता. माझे डोळे आपोआप त्याच्या छातीवर गेले. नाव जागेवर होतं. कडा बघितल्या, चारी. साधा टाका, माझाच, दीड वर्षापूर्वीचा, एकदाही न उसवलेला. “कसं होतं रे आत?” मी विचारलं. आजवर कुणाला विचारलं नव्हतं. तो जरा चमकला. “बरं होतं की. हल्ली फोन असतो ना मावशी हातात, संध्याकाळी. कुणी लई शहाणपणा केला तर घरी कळतं, वर कळतं. आमच्यात एकाला कळवलंच होतं पोरांनी मिळून.” आणि टोपी डोक्यावर ठेवून गेला. पोरांनी मिळून. किती सोपं म्हणाला, दूध आणलं म्हणावं तसं. चार वर्षांत एवढं झालं होतं आणि मी रोज त्यांच्या छातीला हात लावून मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचं मलाच नवल वाटलं.

“मुंगी खोडा,” मी मेंगबाईला म्हणाले. “मुंग्या तो किटलीनं मारायचा.”

आणि मग मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. नाव सांगितलं, थाक सान, दोन अक्षरं. चारी खेपा सांगितल्या. फाटलेल्या आणि कापलेल्या कापडातला फरक चिंधी कापून दाखवला. नायलॉनचा दोरा दाखवला. “पोरानं लिहिलंय की माझ्याकडे तेवढंच होतं,” मी म्हणाले, “ते त्याच्या मनाचा मोठेपणा आहे, बाई. तेवढंच नव्हतं. तोंड होतं. मला बोलता येत होतं. मी घट्ट शिवलं आणि गप्प बसले. पोरगा बोलला तर त्यालाही गप्प केलं. हे असंच लिहा.” ती लिहीत होती. “आणि घरात कुणाला सांगितलं होतंत?” तिनं मान वर न करता विचारलं. आला, म्हटलं, प्रश्न आला. टीव्ही बंद झालेला आहे हे मला तेव्हाच कळलं. कधी बंद झाला होता कोण जाणे. माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत पडद्याच्या कड्या वाजल्या.

हे घरातल्या विजारीवर होते, पायांत रबरी सपाता, पण वरती शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली. आत लावत बसले असणार. “मला सांगितलं होतं,” हे म्हणाले. “सुभेदार सोक दोंग-प्यो, निवृत्त. ती चार खेपा म्हणते. गेटचं तिनं सांगितलं नाही, कारण तिला ते माहीत नाही.”

“कुठलं गेट हो?” मी म्हटलं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, बाईकडेच बघत होते, वरच्या अधिकाऱ्याकडे बघावं तसे. म्हणाले, त्या संध्याकाळी पावणेसहाला मला सुभेदार पेचा फोन आला, माझा जुना सोबती, तेव्हा तिथंच होता. म्हणाला, तुझा पोरगा आमच्या एका शिपायाला घेऊन पलटणीच्या गेटवर उभा आहे. आत घेऊन वरच्या साहेबाला भेटवा म्हणतो, याची जखम बघितल्याची सही द्या म्हणतो. शिपायाला आत घेतलं, पोराला जा म्हटलं, तर जात नाही. बर्फात उभा आहे, डोक्यावर टोपीपण नाही, पहारेकरी हसतायत. काय करू? “मी म्हणालो, हाकला त्याला. आणि म्हणालो, त्या शिपायाला चुपचाप दुसरीकडे बदला, बोभाटा नको. त्यानं बदललं. ते पोरगं पुढं नीट सुटलं, समुद्राकडचं होतं, गावी गेलं, गेल्या साली लग्न झालं. मी माहिती ठेवली होती. त्या पाचांना काहीही झालं नाही. एक पुढं हवालदार झाला. मला वाटलं, मी निभावलं.” यांचा आवाज कधी असा तुटलेला ऐकला नव्हता मी. “तक्रार केली असती तर कागद राहिला असता. आज यांना कागद सापडत नाही तो माझ्यामुळं. पोराला सुद्धा मी कधी कळू दिलं नाही, की त्याच्या उभं राहण्यानं तो शिपाई सुटला. त्याला वाटतंय, आपण उगीच उभे होतो.”

मी भिंतीला टेकले. जिवंत आहे. लग्न झालं. दातांत फट असलेला तो पोरगा समुद्रकाठच्या कुठल्याशा गावात बायकोबरोबर भात जेवतोय, आणि हे मला चार वर्षं कुणी सांगितलं नाही! रागानं माझं अंग पेटलं, आणि त्याच वेळी असं मोकळं वाटलं की खाली बसून हंबरडा फोडावा. “अहो, एक शब्द तरी बोलायचा होता,” मी म्हणाले. “तू विचारलं होतंस का?” हे म्हणाले. खरंच, मी विचारलं नव्हतं. घरात तिघं होतो आणि तिघंही मूग गिळून बसलो होतो, एकमेकांना सांभाळत.

मेंगबाईनं लेखणी खाली ठेवली. “साहेब, हे नोंदीत गेलं तर तुम्हाला बोलावतील. तुमच्या मित्रालाही. जुनं प्रकरण उघडेल. नको असेल तर मी आईंचं म्हणणं तेवढं...”

“उघडू द्या. त्या सोबत्याला मी आज फोन करतो. शिव्या घालेल. घालू दे.” यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या कामाच्या टेबलाशी बसले, चिंध्या बाजूला सारून. या टेबलाशी हा माणूस लग्नानंतर कधी बसला नव्हता. “लिहा. मी सांगतो तारीख. तारीख, वेळ, गेटवरचा पहारा कुणाचा होता, सगळं आहे डोक्यात.”

बाईनं लिहिलं. दोन पानं भरली, तिसरं घेतलं. उन्हाची तिरीप काचेतून टेबलावर आली आणि हळूहळू रिळांवर सरकली. शेवटी ती म्हणाली, “आता एकच रकाना राहिला. हा पालकांना विचारावाच लागतो. अर्जदाराचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे का?”

“नाही,” हे म्हणाले.

मी म्हणाले, “अहो!” यांनी हात वर करून मला थांबवलं.

“मान्य नाही. सीमा मोकळी सोडता येत नाही, तिथं कुणीतरी बंदूक घेऊन उभं राहिलंच पाहिजे, हे मी मरेपर्यंत म्हणणार. त्याच्याशी मी यावर भांडणार आहे, समोर बसवून. पण त्या दिवशी पहाऱ्यावर जे होते ते हसत होते, मी इथं फोन कानाला लावून बसलो होतो, आणि आमच्या घरातला एकच माणूस आपल्या माणसासाठी थंडीत जागा न सोडता उभा होता. एकतीस वर्षं मी पोरांना तेच शिकवत होतो.” त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. “खरा शिपाई त्या दिवशी तोच होता.”

मेंगबाईनं विचारलं, “हे असंच लिहू?”

“असंच लिहा,” हे म्हणाले, आणि मला म्हणाले, “अगं, शिक्का कुठं ठेवलायस माझा?”